दोन वस्त्या, एक फायनल आणि बंदोबस्ताची परवानगी

९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी आमच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल पार पडली. मुंबईच्या पूर्व उपनगरातलं पालिकेचं मैदान, एकीकडे डोंगरावरच्या वस्तीचा संघ, दुसरीकडे स्टेशनकडच्या चाळींचा. हे दोघे समोरासमोर आले की मैदानाजवळची दुकानं शटर अर्धं खाली ओढून बसतात. २०२३ ची फायनल हाणामारीत अर्धवट सुटली होती, आणि २०२४ मध्ये स्पर्धाच झाली नाही. ती पुन्हा सुरू करायची तर सगळं रीतसर करावं लागणार होतं, आणि समितीची सचिव म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अर्ज नेमका कुणाच्या नावाने लिहायचा इथपासून प्रश्न होता. मराठीत कुणी काही लिहून ठेवलंय का ते तेव्हा शोधलं. गणेशोत्सवाच्या मंडपाबद्दल सापडलं, दहीहंडीबद्दल सापडलं, फुटबॉलच्या सामन्याबद्दल काहीच नाही. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. नियम आणि शुल्कं बदलत राहतात, तेव्हा आपापल्या पोलीस ठाण्यात आणि वॉर्ड ऑफिसात खात्री करून घ्याच.

माझं माहेर कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत मोठी झाले. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला की एकाच घरात दोन तट पडायचे, आणि मैदानावर खाकी वर्दी दिसली नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. त्यामुळे पोलीस बंदोबस्त हा शब्द माझ्यासाठी नवा नव्हता. पण तो आधी कागदावर कसा उभा राहतो, हे मी या वेळी पहिल्यांदा पाहिलं.

पहिला अर्ज ७ ऑक्टोबर २०२४ ला दिला. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, मंडळाच्या लेटरहेडवर. त्यात सामन्याची तारीख, वेळ, अंदाजे प्रेक्षकसंख्या, दोन्ही संघ आणि जबाबदार व्यक्तींचे फोन नंबर. एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकले आणि ती शेवटपर्यंत उपयोगी पडली: प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि ती पोहोच तिथल्या तिथे मोबाईलमध्ये टिपून ठेवा. पुढच्या प्रत्येक टेबलवर पहिला प्रश्न ‘आवक नंबर काय?’ हाच असतो.

आम्ही २४ नोव्हेंबर मागितली होती. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी, आणि २४ ला मिरवणुका. ठाण्यातून स्पष्ट सांगण्यात आलं की माणसं नाहीत. आमच्यातली काही मुलं वैतागली, ‘दहा हवालदार मिळत नाहीत का?’ म्हणाली. मी त्यांना कोलकात्याची आठवण करून दिली. त्याच वर्षी १८ ऑगस्टचा ड्युरंड कप या फुटबॉल स्पर्धेतला मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना रद्द करावा लागला होता. आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाल्यानंतर शहरात आंदोलनं चालू होती आणि सामन्याला पुरेसे पोलीस देणं शक्य नव्हतं. एवढ्या मोठ्या क्लबांचा सामना थांबू शकतो, तर आपणही थांबू. (त्या दिवशी दोन्ही क्लबांचे समर्थक सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर एकत्र येऊन निषेध करत होते. हे ऐकल्यावर मुलं जरा गप्प झाली.)

तारीख शोधणं हे वेगळंच प्रकरण आहे. मुंबईत पोलिसांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा निराळं असतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर बंदोबस्त. शेवटच्या आठवड्यात थर्टी फर्स्ट. १९ जानेवारीला मॅरेथॉन, २६ ला प्रजासत्ताक दिन. २ फेब्रुवारीला वानखेडेवर भारत–इंग्लंड टी-ट्वेंटी, म्हणजे उपनगरातूनही माणसं तिकडे जाणार. ११ फेब्रुवारीपासून बारावीची परीक्षा. उरला ९ फेब्रुवारी. परीक्षा दोन दिवसांवर असल्यामुळे लाऊडस्पीकरवर गाणी आणि कॉमेंट्री नाही, फक्त सूचना, या अटीवर तारीख मिळाली. तुम्ही असं काही करणार असाल तर अर्जातच तीन पर्यायी तारखा द्या. आमचे बरेच आठवडे केवळ एकेक तारीख विचारण्यात गेले.

कागदांचा क्रम आमच्या बाबतीत असा लागला. आधी वॉर्ड ऑफिसातून मैदानाची परवानगी, कारण ती हातात असल्याशिवाय बाकी कुणी फाईल उघडत नाही. भाडं आणि अनामत मिळून अकरा हजारांच्या घरात गेले. त्यानंतर पोलीस ठाण्याचा अर्ज पुढे सरकला. वाहतूक पोलिसांचं ना हरकत वेगळं, लाऊडस्पीकरचा परवाना वेगळा. पाहुण्यांसाठी आणि बायका-मुलांसाठी मंडप आणि लाकडी पायऱ्यांची छोटी गॅलरी घालायची होती, म्हणून अग्निशमन दलाचं ना हरकत आणि गॅलरी वजन पेलेल असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागलं. इंजिनिअरने सहा हजार घेतले. समितीत यावरून बरीच कुरकुर झाली, पण तो माणूस प्रत्यक्ष आला, खालचे बांबू हलवून बघितले आणि दोन ठिकाणी जादा तिरके टेकू लावून घेतले. माझ्या मते हा सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च. शिवाय जिल्हा संघटनेकडून रेफ्री, सामन्यापुरता सार्वजनिक दायित्व विमा, आणि आम्ही सगळ्या अटी पाळू असं स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. सामन्याला तिकीट नव्हतं आणि बंदोबस्ताचे पैसे आम्हाला भरावे लागले नाहीत. तिकीट लावणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो, तो ठाण्यातच विचारावा.

जानेवारीच्या मध्यावर जागेची पाहणी झाली. एक पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) साहेब आणि ठाण्याच्या गोपनीय शाखेचे एक हवालदार आले. मला वाटलं होतं, कोणाची पोरं भांडतात, गेल्या वेळी कोण कोण होतं, हे विचारतील. हवालदारांकडे ती सगळी नावं आधीच होती. साहेबांनी विचारलं ते वेगळंच.

‘ताई, आत यायला किती दारं?’

दोन. रस्त्याकडचं मोठं गेट, साधारण सहा मीटर. गल्लीकडचं छोटं, तीन मीटर. आणि शाळेच्या भिंतीला एक लोखंडी दार, ज्याला कुलूप लावून बहुतेक पिढी उलटली होती.

‘आणि बाहेर पडायला?’

तीच.

ते गल्लीच्या गेटातून बाहेर गेले. दोन्ही बाजूंना मोटारसायकली लावलेल्या, मधे जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट. तिथे उभं राहून ते म्हणाले, ‘२९ सप्टेंबर २०१७ ला मी एल्फिन्स्टनच्या पुलाशी ड्युटीवर गेलो होतो. तिथे कुणी मारामारी केली नव्हती. पाऊस आला, लोक पुलावर थांबले, खालून लोकलमधून उतरलेली गर्दी चढत राहिली.’ त्या सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनं जोडणाऱ्या त्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. आमच्यापैकी कितीतरी जण रोज परळला उतरणारे, त्यामुळे पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या रात्री मी वाचायला बसले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची गर्दी व्यवस्थापनावरची २०१४ ची मार्गदर्शिका सहज मिळते, आयोजकांनी ती जरूर वाचावी. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी ‘ग्रीन गाइड’ वापरतात. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर, रेंजर्स–सेल्टिक सामना संपताना एका जिन्यावर ६६ जण चिरडून गेले, त्यानंतर १९७३ मध्ये ती पहिल्यांदा निघाली. तिच्यातले दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं बाहेर पडतात. आणि उभ्या प्रेक्षकांची घनता दहा चौरस मीटरला ४७ च्या वर जाऊ द्यायची नाही. त्याच्या बरंच पुढे गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही, गर्दीच त्याला हलवते. बहुतेक लोक पायाखाली तुडवले जाऊन जात नाहीत, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडून जातात. हे मला आधी नीट माहीत नव्हतं आणि ते वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

मग आमचा हिशोब केला. दोन्ही लांब बाजूंना प्रेक्षकांसाठी ९० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पट्टे, म्हणजे प्रत्येकी ३६० चौरस मीटर. आम्ही चौरस मीटरला तीनच माणसं धरली. एका बाजूला १,०८०. मंडपात ४००. एकूण अडीच हजारांच्या थोडं वर. गल्लीचं तीन मीटरचं गेट कागदावर मिनिटाला २४६ माणसं सोडतं, म्हणजे एक बाजू साडेचार मिनिटांत रिकामी. साहेबांनी तो आकडा बघितला आणि म्हणाले, ‘मोटारसायकली असतील तर दीड मीटर धरा.’ म्हणजे नऊ मिनिटं. त्या दिवशी गल्ली रिकामी ठेवणं ही अट परवानगीत आली, आणि गाड्यांसाठी शेजारच्या सोसायटीचं आवार मागून घेणं आमच्या डोक्यावर आलं. सोसायटीच्या अध्यक्ष काकूंनी एका अटीवर दिलं: जाताना त्यांच्या झाडांच्या कुंड्या जागेवर असायला हव्यात. कुंड्या जागेवर होत्या.

शाळेच्या भिंतीतलं तिसरं दार उघडायला पालिका, शाळा आणि मैदानाचा रखवालदार या तिघांची संमती लागली. किल्ली कुणाकडेच नव्हती. शेवटी कुलूप कापलं, बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं ना ते दहादा बघितलं.

वेळेचाही असाच हिशोब निघाला. आम्ही साडेतीनची वेळ धरली होती. मैदानावर फ्लडलाइट नाहीत. नव्वद मिनिटं, मध्यंतर, जादा वेळ, पेनल्टी, मग बक्षीस समारंभ हे सगळं धरलं तर साडेसहा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईत त्याच सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे अडीच हजार माणसं अंधारात अरुंद गल्लीतून बाहेर काढायची. किक-ऑफ तीनला आणला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नावाने नोटीस आली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली. पूर्वी जी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १४९ ची नोटीस म्हणायचे तीच ही. कायदा व सुव्यवस्थेला बाधा आली तर जबाबदार धरण्यात येईल, अशी भाषा. घरी सासूबाईंनी ती वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. माझेही हात थंड पडले होते. दुसऱ्या दिवशी ठाण्यात विचारल्यावर कळलं की अशा प्रसंगी आयोजकांना आणि आधीच्या प्रकरणातल्या लोकांना ती आगाऊ देतात. गुन्हा दाखल झालेला नसतो, दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून दिलेली ती ताकीद असते. तुम्हाला आली तर घाबरू नका. सही करून घ्या, प्रत ठेवा, आणि त्यातली प्रत्येक अट मोठ्याने वाचून समितीला ऐकवा. आमच्या नोटिशीत विजयी मिरवणूक, गुलाल, फटाके आणि डीजेला मनाई होती. मुलांना हे सगळ्यात जड गेलं.

त्याच आठवड्यात ठाण्यात दोन्ही संघांची बैठक झाली. कप्तान, प्रशिक्षक आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. तिथे एक सूचना आली, आणि ती चांगल्या मनाने आली होती: सामना सुरू झाला की गेटं कुलूप लावून बंद करू, म्हणजे बाहेरची टाळकी आत येणार नाहीत, आणि मैदानाभोवती बांबूचं पक्कं कुंपण घालू, म्हणजे कुणी आत उतरणार नाही. बऱ्याच माना डोलल्या.

मी इंडोनेशियातल्या मलंगबद्दल बोलले. १ ऑक्टोबर २०२२, कांजुरुहान स्टेडियम, अरेमा विरुद्ध पर्सेबाया. पाहुण्या संघाच्या समर्थकांना त्या सामन्याला येऊच दिलं नव्हतं. म्हणजे भांडायला समोर कुणी नव्हतं. यजमान ३–२ ने हरले, काही लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो गॅलरीतही गेला. फिफाच्या नियमांत मैदानावर असा वायू वापरायला मनाई आहे. लोक दारांकडे धावले. काही दारं बंद होती, काही अरुंद होती. १३५ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. बोलून झाल्यावर स्टेशनकडच्या संघाचे अण्णा म्हणाले, ‘कुलूप नको.’ ठरलं ते असं की गेटाला फक्त कडी, आणि कडीपाशी सामना संपेपर्यंत न हलणारी दोन माणसं. त्यांना सामना दिसणार नाही, हे आधीच सांगून.

कुंपणावर जास्त वाद झाला. डोंगरावरच्या प्रशिक्षकांचं म्हणणं होतं की २०२३ मध्ये लोक आत आले म्हणूनच सगळं बिघडलं. ते खरंही होतं. पण मैदान ही गर्दीला मोकळं व्हायची सगळ्यात मोठी जागा आहे. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर आणि तिच्यावरच्या न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर मैदानांभोवतीची उंच जाळी हटत गेली, ती याच कारणाने. लोक आत उतरले तर सामना थांबतो, एवढंच. आम्ही कमरेएवढा दोर लावला, दर पंधरा मीटरवर मोकळी फट ठेवली, आणि प्रत्येक फटीत एक स्वयंसेवक. बांबू फक्त दोन बाजू वेगळ्या राखायला वापरले. बांबूवाल्याचे अठरा हजार झाले.

कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात सोळा प्रेक्षक गेले होते. दोन्ही बाजूंचे लोक एकाच स्टँडमध्ये बसले होते, मैदानातल्या धुसफुशीनंतर वर हाणामारी आणि मग चेंगराचेंगरी झाली. तिथे आजही तो दिवस फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात. म्हणून डोंगरावरचे लोक गल्लीच्या गेटाने पूर्वेला, स्टेशनकडचे मोठ्या गेटाने पश्चिमेला. दक्षिणेच्या गोलमागे मंडप, उत्तरेच्या गोलमागे कुणी नाही. ॲम्ब्युलन्स मोठ्या गेटाच्या आतल्या कोपऱ्यात, तोंड रस्त्याकडे करून. अर्ध्या दिवसाचे साडेचार हजार. १०८ वर अवलंबून राहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर गाडी आत यायलाच अर्धा तास लागू शकतो.

आदल्या दिवशी आम्ही मैदानातले दगड वेचले. कोपऱ्यात कुणीतरी टाकलेलं डेब्रिज होतं, ते टेम्पोने हलवलं. झेंड्यांना काठ्या नाहीत, पाण्याच्या बाटल्या आत नाहीत, पिण्याचं पाणी पिंपात आणि कागदी पेले. मुलांनी फक्कीने मैदानाच्या रेषा मारल्या आणि प्रेक्षकांच्या पट्ट्यांच्याही. स्वयंसेवकांत दोन्ही वस्त्यांची माणसं समसमान घेतली, पण प्रत्येकाला त्याच्याच बाजूला उभं केलं. अनोळखी माणसाने ‘मागे सरा’ म्हटलं तर भांडण होतं, शेजारच्या दादाने म्हटलं तर लोक सरतात.

रविवारी दीडला गेटं उघडली. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांची साहेबांनी मैदानाच्या मध्यावर हजेरी घेतली. महिला अंमलदार मंडपाकडे. सगळ्यांना एकच सूचना: तोंड गर्दीकडे, पाठ सामन्याकडे.

अडीचपर्यंत पश्चिमेची बाजू जवळपास भरली होती. पूर्वेला मात्र पट्टा अर्धा रिकामा आणि गल्लीत लोंढा. डोंगरावरून रिक्षा आणि चालत येणारे एकदमच पोहोचले होते. मागच्यांना पुढे काय आहे ते दिसत नव्हतं आणि तीनची वेळ जवळ येत होती तसे ते रेटत होते. गेटवर एक आजोबा आणि एक लहान मुलगा बांबूला दाबले जाताना मी पाहिले. आमच्यातला एकजण ओरडला, शाळेचं दार उघडा, सगळ्यांना तिकडून आत घ्या.

साहेबांनी हात आडवा केला. ‘दार उघडल्यावर माणसं आत कुठे जातील ते आधी बघा.’ हेच १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर बघितलं गेलं नव्हतं. बाहेरची गर्दी कमी करायला गेट सी उघडलं, आणि लोक समोरच्या बोगद्यातून थेट आधीच भरलेल्या, कठड्यांनी बंद केलेल्या मधल्या कप्प्यांत गेले. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. ९७ माणसं. आमच्या इथे शाळेच्या दारातून येणारा लोंढा उत्तरेच्या गोलमागून थेट पश्चिमेच्या भरलेल्या बाजूला गेला असता. आधी तिथे सहा स्वयंसेवक हाताची साखळी करून उभे केले, येणाऱ्यांची वाट पूर्वेकडे वळवली, मग दार उघडलं.

दुसरा निर्णय रेफ्रींनी घेतला. सामना पंधरा मिनिटं पुढे. पण ते आत सांगून उपयोग नव्हता. पोलिसांच्या गाडीवरच्या स्पीकरवरून गल्लीत सांगितलं: ‘सामना सव्वातीनला सुरू होईल. कुणाचीही किक-ऑफ चुकणार नाही. जागेवर थांबा.’ ही घोषणा मराठीत आणि हिंदीत, पुन्हा पुन्हा. दोन-तीन मिनिटांत मागचा रेटा सैलावला. आजोबा बांबूपासून सुटे झाले आणि त्यांनी आधी शर्ट नीट केला. आयोजकांनी एवढं नक्की करावं: सामना पुढे ढकलायचा अधिकार कुणाचा, तो कुणाला फोन करणार, हे आदल्या दिवशी लिहून ठेवावं. आमच्याकडे ते लिहिलेलं होतं म्हणून त्या क्षणी कुणी कुणाला विचारत बसलं नाही.

पूर्वेला १,०८० झाल्यावर गल्लीचं गेट थांबवलं. बाहेर दीड-दोनशे लोक राहिले. त्यांत माझ्या ओळखीचे होते, रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. पुढच्या वेळी बाहेर स्कोअर सांगायची सोय हवी.

सामन्याबद्दल थोडक्यात. पूर्वार्धात डोंगरावरच्यांचा गोल, उत्तरार्धात स्टेशनकडच्यांची बरोबरी. शेवटच्या दहा मिनिटांत एका धसमुसळ्या टॅकलवर लाल कार्ड, आणि पश्चिमेकडून चपला आणि पाण्याचे पेले मैदानात आले. मी श्वास रोखला. अंमलदार जागचे हलले नाहीत. साहेब एकटे, लाठी नसलेल्या हातांनी, दोरापर्यंत गेले. स्टेशनकडचे अण्णा आधीच तिथे पोहोचून आपल्याच पोरांना झापत होते. रेफ्रींनी सामना काही मिनिटं थांबवला, चपला गोळा झाल्या, खेळ पुढे सुरू झाला.

जादा वेळेतही बरोबरी. पेनल्टी. फुटबॉलच्या दहाव्या नियमात पेनल्टी कुठल्या गोलवर घ्यायच्या ते नाणेफेकीने ठरवायचं असतं, पण सुरक्षेसारखं कारण असेल तर रेफ्री स्वतः गोल निवडू शकतात. हे मी बैठकीतच रेफ्रींशी बोलून ठेवलं होतं. त्यांनी उत्तरेचा गोल निवडला, ज्याच्यामागे फक्त भिंत होती. डोंगरावरचे जिंकले.

मग ज्यासाठी सगळ्यांत जास्त डोकं खपवलं होतं ते काम: दोन्ही बाजू एकाच वेळी रस्त्यावर येऊ द्यायच्या नाहीत. उपविजेत्यांचा चषक आधी दिला. स्टेशनकडचे प्रेक्षक आपल्या संघाला टाळ्या देऊन मोठ्या गेटाने निघाले. विजेत्यांचा चषक मुद्दाम शेवटी, त्यामुळे पूर्वेची बाजू आपणहून आत थांबली. त्यांना अडवून धरावं लागलं नाही. पाहुण्यांची भाषणं आम्ही रद्द केली आणि पाहुण्यांनी ते समजून घेतलं. साडेसहाला मैदान रिकामं होतं. दिवसभरात एका मुलाचा घोटा मुरगळला, उन्हाने एका मावशींना चक्कर आली, आणि बाहेर पानाच्या टपरीपाशी दोन पोरांची झटापट झाली, ती तिथेच मिटली.

घरी आल्यावर रडू आलं. आनंदाचं होतं की थकव्याचं, सांगता येणार नाही.

सामन्यानंतरचंही काम असतं. मैदान त्याच रात्री साफ करून फोटो काढून ठेवा, अनामत परत मिळवताना तेच दाखवावे लागतात. आमची अनामत एप्रिलमध्ये आली. पोलीस ठाण्यात पानभर अहवाल दिला: किती लोक आले, कुठे अडलं, काय बदलायला हवं. तसा कुणी मागितला नव्हता, पण पुढच्या अर्जाला तो जोडता येईल.

आणि मार्चमध्ये वॉर्ड ऑफिसात एक वेगळं पत्र दिलं. गल्लीकडचं गेट रुंद करावं आणि शाळेच्या भिंतीतलं दार कायमचं वापरात ठेवावं, असं. सोबत मापांचा नकाशा आणि नऊ मिनिटांचा हिशोब. मे महिन्यात दुय्यम अभियंता येऊन टेपने मोजून गेले. खर्चाचा अंदाजपत्रक-प्रस्ताव पुढे पाठवलाय असं सांगितलं आहे. आवक क्रमांक माझ्याकडे आहे.